अर्ध्या वाटेवर सायप्रस

मी अमेरिकेला निघाले त्या दिवशी अप्पांनी भिगवणच्या अलीकडे गाडी थांबवायला लावली. इंदापूरहून भाड्याची सुमो केली होती. टपावर दोरीने आवळलेल्या माझ्या दोन बॅगा, मागे आई, मामा आणि मी, आणि पुढच्या सीटवर गळ्यात दुर्बीण अडकवलेले अप्पा. विमान मुंबईहून होतं, पुण्यात मावशीकडे जेवायला थांबायचं होतं, घाटात ट्रॅफिक लागेल म्हणून मामा सकाळपासून घड्याळ बघत होता. आणि अप्पा रस्ता सोडून बाभळीतून खाली, उजनीच्या पाण्याकडे चालू लागले होते. रोहित आले होते म्हणे. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. ते दर हिवाळ्यात येतात, मला कळायला लागल्यापासून येतात.

आईने गाडीतूनच हाक मारली, "अहो, मुलगी चाललीय. पक्षी उद्याही असतील."

अप्पांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाले, "मुलगीही यायचीच आहे की परत."

पंचवीस मिनिटं आम्ही त्या गाडीत बसून होतो. आई शेवटी रडली ती माझ्या जाण्याने की अप्पांच्या वागण्याने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. विमानतळावर तिने एवढंच सांगितलं, "पोचलीस की आधी फोन कर, कंटाळा आला तरी कर." अप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि तिथल्या थंडीत कोणते पक्षी दिसतात ते लिहून कळव म्हणाले. मी कधीही कळवलं नाही. आधी शिक्षण, मग नोकरी, मग ग्रीनकार्डाची रांग, मग घर, मग मुलगी. परत जायचं राहून गेलं. ज्यांचं असं राहून गेलं त्यांना ते कसं राहतं हे सांगायला नको, आणि जे मागे राहिले त्यांना ते सांगून पटत नाही.

आता मी बॉथेलला राहते, सिएटलच्या वर. एका बायोटेक कंपनीत क्वालिटीचं काम करते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथे साडेचारला अंधार पडतो आणि पाऊस पडतो असंही म्हणता येत नाही, तो नुसता हवेत लोंबकळत असतो. अप्पा आणि आई एकदाच आले, आणि आले ते नेमके हिवाळ्यात. अप्पा महिन्याभरातच कंटाळले. रस्त्यावर माणूस दिसत नाही, दिसला तर हाय म्हणून पळतो. मग ते वरच्या खोलीच्या खिडकीत दुर्बीण घेऊन बसायला लागले. आठवड्याने शेजारचा गृहस्थ दारात आला. अतिशय सभ्यपणे त्याने विचारलं की तुमचे वडील आमच्या किचनमध्ये काय बघतात. त्याच्या घरामागच्या मेपलच्या झाडावर एक सुतारपक्षी होता हे त्याला समजावून सांगताना माझी जी त्रेधा उडाली ती मलाच माहीत. अप्पांना अमेरिकेतली एकच गोष्ट मनापासून आवडली. आमच्याकडे कॉलेजच्या आवारात हिवाळ्यात संध्याकाळी हजारो कावळे मुक्कामाला येतात, आभाळ काळं होतं. ते बघायला ते रोज जायचे. एवढी लांब आलेली मुलगी, तिचं घर, तिची नोकरी सोडून त्यांना आवडले काय, तर कावळे.

आई पाच वर्षांपूर्वी गेली. मी तिसऱ्या दिवशी पोचले. त्यानंतर दर वर्षी अप्पांशी तोच वाद. मला सुट्टी मिळते डिसेंबर-जानेवारीत, आणि तो त्यांचा पक्ष्यांचा सीझन. मी गेले तर ते सकाळी पाचला घराबाहेर. तुम्ही इकडे या म्हटलं तर "कावळे इथेही आहेत." गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ते फोनवर म्हणाले, "आपण असं करू, अर्ध्या वाटेवर भेटू. सायप्रसला."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. भूमध्य समुद्रातलं ते बेट अप्पांना कुठून सापडलं? तर तिथे लार्नाका नावाच्या गावाला लागून एक खारट तळं आहे आणि हिवाळ्यात तिथे रोहित येतात. म्हणजे चाळीस वर्षं दारात रोहित पाहिलेला माणूस रोहित बघायला सायप्रसला जाणार होता. नकाशा काढून बघितला तर ती अर्धी वाटही नव्हती. त्यांना एक विमान बदलून दुपारपर्यंत पोचता येत होतं. मला दोन विमानं बदलून एक अख्खा दिवस आणि वर अर्धा. मी ते बोलून दाखवलं. अप्पा म्हणाले, "तू तरुण आहेस." मी सत्तेचाळीस वर्षांची आहे.

शेवटी मी एकटीच गेले. नवरा रवी म्हणाला, वडिलांबरोबर एकटीने चार दिवस राहा, बरं वाटेल. मुलगी मीरा म्हणाली, "आई, बर्ड्स आर नॉट माय थिंग, सॉरी." माझ्याही नव्हेतच.

फोनवर अप्पा सारखे "आम्ही" म्हणत होते. आम्ही सोमवारी पोचतो, आमचा व्हिसा झाला, आम्हाला समुद्राकडची खोली नको, वारं लागतं. अप्पा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. सरकारी पत्र लिहिल्यासारखं बोलायची त्यांना सवय आहे, म्हणून माझ्या मनात काही आलं नाही. लार्नाकाच्या विमानतळावर अप्पा बाहेर आले. त्यांच्या ट्रॉलीवर दोन बॅगा होत्या, एक दुर्बिणीची पेटी होती, आणि ट्रॉलीच्या दांडीला दुसऱ्या बाजूने धरून चालणाऱ्या एक बाई होत्या. साधारण पासष्टच्या. सलवार-कमीज, पायात स्पोर्ट्स शूज, केस आखूड कापलेले.

"या शैलजाबाई," अप्पा म्हणाले. "बारामतीच्या. गणित शिकवायच्या. आमच्या पक्षीमित्र मंडळात आहेत."

मी नमस्कार केला. मग लक्षात आलं की यांना काय म्हणायचं हेच मला कळत नाहीये. काकू म्हटलं तर कोणत्या काकांच्या? मावशी म्हटलं तर आईची बहीण झाली. मराठीत माणसाला नातं दिल्याशिवाय हाकच मारता येत नाही. पुढचे दोन दिवस मी "चहा घेणार का?" "निघू या का?" अशी कर्ता नसलेली वाक्यं बोलत राहिले.

गाडी मी भाड्याने घेतली होती. सायप्रसमध्ये गाड्या डावीकडून चालतात, हे मी वाचलं होतं पण अंगात मुरलेलं नव्हतं. तेवीस वर्षं उजवीकडून चालवल्यावर हात आपोआप तिकडेच वळतात. प्रत्येक वळणावर अप्पा शांतपणे "डावीकडे" म्हणत. इंडिकेटर लावायला गेलं की वायपर सुरू होई. अप्पा खूश होते. पहिल्यांदाच परदेशात गाडी बरोबर बाजूने चालतेय म्हणाले. मागच्या सीटवरून आलेपाकाची वडी पुढे आली. मी नको म्हटलं. अप्पांनी घेतली, न बघता, रोज घेत असल्यासारखी.

तळं बघायला दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठवलं. माझ्या शरीराच्या घड्याळात तेव्हा संध्याकाळचे सात होते. तळ्याकाठी खजुराच्या झाडांत एक जुनी मशीद आहे, तिथे गाडी लावून आम्ही काठाने चालत गेलो. पाऊस कमी झाल्यामुळे पाणी बरंच आत सरकलं होतं. चिखल, मिठाची साय, आणि लांब क्षितिजाला चिकटलेली एक गुलाबी रेघ. ते रोहित. अप्पांनी तिवईवर मोठी दुर्बीण लावली, दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "आपल्याकडे यापेक्षा जवळून दिसतात."

मी दुर्बिणीला डोळा लावला. बोलले असते तर फार बोलले असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी उलगडा झाला. आम्ही दोन खोल्यांचं अपार्टमेंट घेतलं होतं. एका खोलीत त्या आणि मी, दुसरीत अप्पा. मी कॉफी करत होते. बाईंनी पर्समधून अप्पांच्या गोळ्यांची डबी काढली, तिच्यातली पांढरी गोळी अर्धी तोडली आणि त्यांच्या बशीत ठेवली. अप्पांनी पेपरातून डोकं वर न काढता ती तोंडात टाकली. अप्पांना अर्धी गोळी लागते हे मला ठाऊक नव्हतं. मी त्यांची मुलगी, औषधांच्या कंपनीत काम करते, आणि मला त्यांची गोळी ठाऊक नव्हती.

बाई आंघोळीला गेल्यावर मी विचारलं, "अप्पा, हे कधी सांगणार होतात?"

"इथंच. आज किंवा उद्या."

"त्यासाठी सायप्रसला बोलवलंत? घरी सांगता येत नव्हतं?"

अप्पांनी पेपरची घडी घातली. म्हणाले, "घरी तू आल्या आल्या आईच्या फोटोपुढे उभी राहतेस. मग माझं तोंड उघडत नाही."

मार्चमध्ये त्यांना रजिस्टर लग्न करायचं होतं. तारीख घेतली नव्हती, माझ्यासाठी थांबले होते. तुमच्यापैकी कुणी म्हणाल, त्यात एवढं काय. मीही म्हणाले असते. माझ्या ऑफिसातल्या रिसेप्शनिस्टने बहात्तराव्या वर्षी लग्न केलं तेव्हा केक मी कापला होता. पण ती रिसेप्शनिस्ट होती. आणि माझ्या डोक्यात दुसरंच उसळलं. मी रवीशी लग्न करायचं ठरवलं, तो तेलुगू, तेव्हा याच अप्पांनी "इंदापुरात लोकांना काय सांगू" असं पत्र लिहिलं होतं. मी ते तसंच्या तसं म्हणून दाखवलं. म्हटलं, "चौदा महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. आता तुम्ही लोकांना काय सांगणार?"

अप्पांनी घडी घातलेला पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "ते चुकलं माझं."

ही चूक कबूल करायला त्यांनी नेमका हा दिवस निवडला. वीस वर्षं मी त्या वाक्याची वाट पाहिली होती, त्याच्यापुढे काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. आणि ते असं कॉफीच्या कपाजवळ ठेवून दिल्यावर माझ्याजवळ भांडायला काही उरलं नाही. मी कप विसळायला गेले. एक फोडला.

त्याच दिवशी दुपारी आम्ही गावाबाहेर एका दलदलीकडे गेलो. पाऊस सुरू झाला. अप्पांना कसल्यातरी पाणकोंबडीचा आवाज आला आणि पाच मिनिटांत येतो म्हणून ते बोरूच्या दाट गवतात शिरले. फोन डॅशबोर्डवर राहिला. तास झाला, दीड तास झाला. काचा धुक्याने पांढऱ्या झाल्या. मी पुढे, बाई मागे.

"ह्यांना पक्षी दिसला की माणसं दिसत नाहीत," बाई अचानक म्हणाल्या. आवाज चांगलाच चिडका होता. "आणि खरं सांगू का तुम्हाला, मला पक्ष्यांचं तसं काही नाही. नवरा गेल्यावर गुडघ्यांच्या डॉक्टरने चालायला सांगितलं, मंडळात सगळे चालतात, म्हणून गेले. मला अजून घार आणि गरुड वेगळे कळत नाहीत."

मी मागे वळून बघितलं. त्या खरोखर वैतागल्या होत्या. ओढणीने काच पुसत होत्या.

"मग कशाला?" माझ्या तोंडून गेलं.

"ते विचारतात हो," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं एकटी होते. घरी मुलगा येतो, सून येते, चांगली आहेत. पण आज काय केलंत, असं कुणी विचारत नाही. तब्येत विचारतात. तुमचे अप्पा रोज विचारतात. आणि मग ऐकत नाहीत, ते वेगळं."

मी हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. त्यांनी पुढे वाकून आलेपाकाची पुडी धरली. या वेळी मी घेतली. मग म्हणाल्या की लग्नानंतर अप्पा बारामतीला, त्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला येणार. इंदापूरचं घर बंद करावं लागेल, गळतंय, आणि दोन घरं आता कुणाच्यानेच होणार नाहीत. हे अप्पांना मला सांगवत नव्हतं. लग्नापेक्षाही हेच जास्त.

मला वाटलं होतं मी समजूतदारपणे काहीतरी बोलेन. पण मी सात वर्षांच्या मुलीसारखी म्हणाले, "मग मी आले की कुठे उतरायचं?"

म्हणताच मला रडू फुटलं. तेवीस वर्षं मी बॉथेलला घर म्हणत होते, इंदापूरला घर म्हणत होते. वर्षातले दहा दिवस जायचं, तेही तक्रारी करत. पाणी येत नाही, डास आहेत, वाय-फाय नाही. ते घर तिथे बंद पडून राहिलं तरी चालणार होतं, फक्त असायला हवं होतं. आईचं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.

बाईंनी मला जवळ घेतलं नाही की डोक्यावरून हात फिरवला नाही. आम्हा दोघींच्या मध्ये सीट होती. त्या मला अगं-तुगं करायला लागल्या एवढंच.

"मागची खोली आहे ना," त्या म्हणाल्या. "उत्तरेकडची. ऊन येत नाही, पण वारा आहे. गिझरचं बटण बाहेर पॅसेजमध्ये आहे, ते लक्षात ठेवायचं. कॉट एकच आहे. तुझी मुलगी आली की तिला खाली गादी घालू, जावई आले तर हॉलमध्ये झोपतील. आईचा फोटो तुला हवा तिथे लाव. माझ्या मिस्टरांचा जेवणाच्या टेबलावर आहे, तो मी हलवणार नाही."

मी नाक पुसलं. म्हटलं, "बाई, अप्पांना जाऊन दोन तास होत आले."

ती हाक मला सापडली ती अशी. शाळेत सगळे त्यांना तेच म्हणायचे, मग अडचण कसली होती देव जाणे.

आम्ही दोघी पावसात उतरलो. बोरूतून हाका मारत गेलो. माझे चांगले बूट घोट्यापर्यंत रुतले, बाईंचा एक पाय गुडघ्यापर्यंत गेला आणि मी त्यांना दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढलं. मला तोवर खरंच भीती वाटायला लागली होती. अप्पा चौऱ्याहत्तरचे आहेत, अर्धी गोळी घेतात, आणि या देशात त्यांच्याजवळ फोन नाही. दलदलीच्या पलीकडे शेळ्यांचा गोठा होता, पत्र्याचा. तिथे पत्र्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत अप्पा बसले होते, कोरडे ठणठणीत, हातात कॉफीचा इवलासा कप. शेजारी तितकाच म्हातारा एक मेंढपाळ. दोघं आपापल्या भाषेत बोलत होते आणि अप्पा मान डोलावत होते.

"ये," अप्पा म्हणाले, "यांच्याकडे पिंगळा आहे. आढ्यात."

आई असती तर गप्प झाली असती. आईचा राग तसाच असायचा, दोन-दोन दिवस चालायचा, आणि अप्पांना तो कधी कळायचाच नाही. बाई गप्प बसल्या नाहीत. तिथेच, चिखलाने भरलेल्या सलवारीत, त्यांनी सातवी क चा वर्ग गप्प करावा तशा आवाजात सुरुवात केली. पाच मिनिटं म्हणजे किती मिनिटं? फोन कशाला दिलाय? पोरगी एवढ्या लांबून आलीय ती गाडीत बसून पाऊस बघायला? मेंढपाळ उठून उभा राहिला. शेळ्यासुद्धा थांबल्या. अप्पांनी कप खाली ठेवला आणि मान खाली घालून ऐकून घेतलं. मी माझ्या जन्मात अप्पांना कुणाचं ऐकून घेताना पाहिलं नव्हतं.

मेंढपाळाने मग आम्हा दोघींनाही कॉफी दिली. कडू होती. पिंगळा मला दिसला नाही, बाईंना दिसला पण त्या म्हणाल्या, कबूतर असेल.

मार्चमध्ये लग्न झालं. मला रजा नव्हती, मी व्हिडिओवर होते आणि सहीच्या वेळी नेटवर्क गेलं. जूनमध्ये मीराला घेऊन गेले आणि आम्ही इंदापूरचं घर रिकामं केलं. वाटलं होतं तेवढं काही काव्यात्म नव्हतं. गंजलेले डबे, उंदरांनी खाल्लेल्या वह्या, आईच्या साड्या. त्यातल्या चार मी घेतल्या. उरलेल्या शेजारपाजारच्या बायका घेऊन गेल्या, आणि आता इंदापुरात बाजाराच्या दिवशी आईचा कुठलासा पदर अजून फिरत असेल. अप्पा कुलूप लावताना मागे वळले नाहीत. मी वळले. मीरा म्हणाली, "आई, यू ओके?" मी म्हटलं, नाही. ती बरोबर उभी राहिली.

बारामतीला मी त्या जूनमध्ये नऊ दिवस राहिले. गिझरचं बटण रोज विसरले. आता दर शनिवारी सकाळी, आमच्या सकाळी, बाईंचा फोन येतो. अप्पांनी गॅलरीत तिवई लावलीय, समोरच्या बिल्डिंगमधले सेक्रेटरी येऊन गेले. अप्पांनी फ्रीजमध्ये मेलेला धोबी पक्षी ठेवला, कुणातरी प्राध्यापकांना दाखवायचा म्हणून, भाजीच्या ट्रेमध्ये. मी दोन्हीकडचं ऐकून घेते, मध्येच बाईंची बाजू घेते, मध्येच अप्पांची, आणि फोन ठेवल्यावर रवीला म्हणते की या दोघांनी माझं डोकं उठवलंय. तो म्हणतो, मग उचलू नकोस. तेलुगू लोकांना काही कळत नाही.

परवा लॅबमध्ये एका मुलीने विचारलं, सुट्टीत होमला जाणार का. मी म्हटलं, हो, बारामतीला. म्हटल्यावर माझी मीच थबकले. त्या गावात मी शाळेत गेले नाही, तिथे माझी एक मैत्रीण नाही, तिथल्या बस स्टँडवरून घरचा रस्ता मला धड सांगता येत नाही.

शनिवारी बाईंना तिकीट काढल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, यायचं तर ये, पण बॅगा कमी आण, यांच्या पुस्तकांनी घर भरलंय. तुझ्यासाठी कपाटातला सगळ्यात खालचा कप्पा रिकामा केलाय. मी म्हटलं, बाई, माझी पाठ दुखते, मला रोज वाकून कपडे काढता येणार नाहीत, तिथे अप्पांचे स्वेटर टाका आणि मला मधला कप्पा द्या. त्यावर आमची चांगली दहा मिनिटं जुंपली. पाहुणी असते तर गप्प बसले असते.